तोंडाला काळं का फासलं? विषुववृत्तावरच्या दीक्षेचा अर्थ

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा डेक कॅडेट, म्हणजे शिकाऊ अधिकारी, म्हणून पहिल्याच बोटीवर गेला. दोन महिन्यांनी त्याने फोटो पाठवला, त्यात त्याच्या तोंडाला काळं फासलेलं, केस अर्धवट भादरलेले, अंगभर पिठाचा लगदा, आणि मागे खोटी दाढी लावलेला कोणीतरी त्रिशूळ घेऊन उभा. पोरगा हसतोय, पण तुम्हाला रात्रभर झोप नाही. हे रॅगिंग आहे का, आणि नसेल तर या सगळ्याचा अर्थ तरी काय, असं तुम्ही विचारलंय. मी ३५ वर्षं बोटीवर काढली, त्यातली १४ कप्तान म्हणून. विषुववृत्ताची रेषा पहिल्यांदा ओलांडणाऱ्यावर बोटीवर होणारा हा विधी माझ्यावर झाला, पुढे माझ्या बोटींवर मी तो कितीतरी वेळा होऊ दिला आणि दोनदा मध्येच थांबवला. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी त्या काळ्या रंगाबद्दल, कारण तुमचं काळीज तिथेच अडकलंय. मराठीत तोंडाला काळं फासणं म्हणजे बेअब्रू. लबाडाला फासतात, धिंड काढतात. पोटच्या पोराचं तसं तोंड पाहिल्यावर आईला दुसरं काय वाटणार? पण बोटीवरचं हे काळं वेगळ्या घरातून आलंय. लाकडी जहाजांच्या काळात डांबर म्हणजे जहाजाचा जीव होता. फळ्यांच्या सांध्यांत जुन्या दोरांचे उकललेले धागे ठोकून भरायचे आणि वर गरम डांबर ओतायचं, तेव्हा कुठे पाणी बाहेर राहायचं. शिडाच्या दोरांना डांबर, खलाशाच्या टोपीला आणि कपड्यांनाही डांबर. इंग्रज खलाशाला लोक ‘जॅक टार’च म्हणत, म्हणजे डांबरवाला. नव्या माणसाच्या तोंडाला लावत ते हेच डांबर. जे जहाजाला बुडण्यापासून राखतं ते तुझ्याही अंगाला लागलं, आता तू या जहाजाच्या फळ्यांपैकी एक, असा मी त्याचा अर्थ लावतो. १५५७ साली ब्राझीलला जाताना रेषा ओलांडलेल्या ज्याँ द लेरी या फ्रेंच प्रवाशाने लिहून ठेवलंय, की रेषा पहिल्यांदा ओलांडणाऱ्याला दोराने बांधून समुद्रात बुचकळत, नाहीतर हंड्याच्या बुडाला घासलेल्या फडक्याने त्याचं तोंड काळं करत. हंडा कोणता, तर ज्यात जहाजावरचं अन्न शिजतं तो. एका हंड्यातलं खायचं, तर त्याची काजळीही अंगाला लावून घ्यायची.

मुळात ही रीत विषुववृत्ताची नव्हेच. उत्तर युरोपातले खलाशी ती स्वीडनच्या कुलेन नावाच्या भूशिरापाशी करत, डच लोक पोर्तुगालच्या किनाऱ्याजवळच्या बर्लेंगा बेटांपाशी. ओळखीचं पाणी जिथे संपतं आणि पुढच्याची भीती जिथे सुरू होते, तिथे नव्या माणसाला थांबवायचं, पाण्यात बुचकळायचं आणि मग पुढे न्यायचं. सफरी लांबत गेल्या तशी ही सीमाही दक्षिणेला सरकली आणि शेवटी अशा जागी येऊन थांबली जिथे डोळ्यांना काहीच दिसत नाही. ना खडक, ना बेट, ना दीपगृह. आज जीपीएसच्या पडद्यावर अक्षांशाचे सगळे आकडे शून्य होतात आणि ‘एन’च्या जागी ‘एस’ येतो, बस्स. पाणी तेच, रंग तोच.

खाली काही दिसत नसलं तरी वर दिसतं. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून ध्रुवतारा क्षितिजाच्या साधारण १७ अंश वर असतो, कारण रत्नागिरीचा अक्षांशच तेवढा. दक्षिणेला जाल तसा तो अंशाअंशाने उतरतो आणि विषुववृत्त यायच्या आधीच क्षितिजावरच्या धुरकटात विरतो. आपण लग्नात नव्या नवरीला ध्रुव दाखवतो, अढळ राहा म्हणून. तोच ध्रुव बुडताना पाहिला की काय वाटतं ते मी शब्दांत नीट सांगू शकत नाही. कॅडेट असताना सलग तीन रात्री सेक्स्टंटने, म्हणजे ताऱ्याची उंची मोजायच्या साधनाने, त्याची उंची घेतली होती, आणि चौथ्या रात्री घ्यायला ताराच नव्हता. पंधराव्या शतकात पोर्तुगीज खलाशी आफ्रिकेच्या किनाऱ्याने खाली उतरले, तेव्हा त्यांचं अक्षांश काढायचं साधनच असं हातातून गेलं. मग भर दुपारच्या सूर्याची उंची मोजायची नवी रीत आणि तिची कोष्टकं त्यांना बसवावी लागली. त्यातून हा पट्टा वाऱ्याविना. उत्तरेचे आणि दक्षिणेचे व्यापारी वारे इथे येऊन मिटतात, शिडाची जहाजं दिवसचे दिवस एका जागी तरंगत राहत, प्यायचं पाणी संपत येई. दीक्षेच्या वेळी नव्या माणसाचे डोळे बांधतात, त्याचा संबंध मी या बुडालेल्या ताऱ्याशी जोडतो. ज्याच्या आधाराने इतके दिवस दिशा कळत होती तो गेला, आता दुसऱ्याने हात धरून न्यायचं.

आणखी एक गोष्ट मनात धरा. या रेषेवरच्या समारंभाच्या अगदी जुन्या नोंदींपैकी एक १५२९ सालच्या मे महिन्यातली आहे. फ्रान्सच्या दिएप बंदरातून पारमांतिये बंधू दोन जहाजं घेऊन सुमात्राकडे निघाले होते. रेषेखालून जाताना त्यांनी सुमारे ५० जणांना ‘नाइट’ केलं, म्हणजे सरदारकी दिली. प्रार्थना गायली, आणि आपल्या कुप्याच्या जातीचे मोठे मासे पकडून रात्री त्यांची मेजवानी केली. मानाचा आणि मानहानीचा हा पीळ पहिल्यापासून असा एकत्र वळलेला आहे.

आता माझं सांगतो. माझी पहिली बोट मुरगावहून लोहखनिज घेऊन जपानला जायची. मलाक्काच्या सामुद्रधुनीतून सिंगापूर, तिथून वर. वर्षभर खेपा झाल्या, पण सिंगापूर विषुववृत्ताच्या सव्वा अंश उत्तरेला, त्यामुळे रेषा काही ओलांडली गेली नाही. १९८६ साली दुसऱ्या बोटीवर विशाखापट्टणमहून रिकाम्या होल्डांनी, म्हणजे मालाची कोठारं मोकळी असताना, पश्चिम ऑस्ट्रेलियाला निघालो, तेव्हा चौथ्या दिवशी पाळी आली.

आदल्या संध्याकाळी मेसच्या फळ्यावर समन्स चिकटलं. खाली सही डेव्ही जोन्सची, म्हणजे समुद्राच्या तळाशी बुडालेल्यांना सांभाळणाऱ्याची. सकाळी दोन नंबरच्या हॅचवर, म्हणजे मालाच्या कोठाराच्या झाकणावर, दरबार भरला. नेपच्यून, म्हणजे समुद्राचा देव, झाला होता आमचा फिटर. मनिला दोराचे पीळ सोडून त्याची दाढी केलेली, रंगाच्या डब्याचं पत्र्याचं झाकण कापून मुकुट, आणि डेक घासायच्या ब्रशच्या दांड्याला पत्र्याची तीन पाती जोडून त्रिशूळ. राणी ॲम्फिट्राइट म्हणून भंडारी, मेसचा टेबलक्लॉथ साडीसारखा नेसून. भोंगा वाजला. कप्तान ब्रिजवरून खाली आले, डोक्यावरची टोपी काढली आणि किल्ल्यांचा जुडगा नेपच्यूनच्या हातात देऊन म्हणाले, ‘आजच्या दिवस बोट तुमची.’

त्या क्षणाला काय झालं ते नीट पाहा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. बोटीवर हुद्द्याची उतरंड फार कडक असते. कोणी कुठे जेवायचं, कोणाशी कोणत्या शब्दांत बोलायचं, सगळं ठरलेलं. किल्ल्या दिल्या आणि ती उतरंड काही तासांपुरती मोडली. माझ्या शेजारी गुडघ्यांवर बसले होते चाळिशीतले थर्ड इंजिनिअर, कारण तेही रेषा पहिल्यांदाच ओलांडत होते. आणि आम्हाला धरून आणणारा शिपाई होता २२ वर्षांचा ओएस, डेकवरचा सगळ्यात धाकटा खलाशी, पण दोनदा रेषा ओलांडलेला. त्या दिवशी हुद्दा एकच उरतो: कोण जाऊन आलाय आणि कोण नाही. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. शिमग्याला गोमू आणि संकासूर दारात येतात, बाप्या लुगडं नेसून नाचतो, ज्याला एरवी कोणी विचारत नाही तो गावच्या मानकऱ्याला चार शब्द सुनावतो, आणि दुसऱ्या दिवसापासून गाव पुन्हा आपल्या जागी. चार भिंतींत महिनोन् महिने कोंडलेल्या २५-३० माणसांना अशी मोकळीक वर्षातून एकदा तरी लागतेच.

नव्यांना म्हणतात पॉलीवॉग, म्हणजे बेडकाचं शेपटीवालं पिल्लू. झालेल्यांना शेलबॅक, म्हणजे कवचाच्या पाठीचा, कासव. डबक्यातला जीव आणि दर्यातला जीव. डॉक्टर येतो, कणकेत मिरची भरलेली गोळी देतो. न्हावी येतो, त्याच्याकडे हातभर लांब लाकडी वस्तरा आणि पीठ-अंड्याचा फेस. केस कापणं मात्र विचार करण्याजोगं आहे. आपल्याकडे मुंजीत आधी बटूचे केस उतरवतात, मग त्याला नवा जन्म मिळाला असं मानतात. जगभर असंच सापडतं. आर्नोल्ड व्हान गेनेप या अभ्यासकाने १९०९ साली अशा विधींचे तीन टप्पे सांगितले: जुन्यापासून तोडणं, उंबरठ्यावर ठेवणं, नव्यात सामील करून घेणं. केस तोडण्यासाठी, डोळ्यांवरची पट्टी आणि पिठाचा लगदा उंबरठ्यासाठी. उंबरठ्यावरच्या माणसाला चेहरा नसतो, म्हणून चेहरा झाकून टाकतात. तुमच्या मुलाचा फोटो नेमका त्या उंबरठ्यावरचा आहे.

मग पाणी. दोन हॅचच्या मधे ताडपत्री बांधून समुद्राच्या पाण्याने भरली होती, छातीएवढी. कडेवर एक स्टूल, त्यावर मला पाठमोरं बसवलं. नेपच्यूनने माझे गुन्हे वाचले. मी सेकंड ऑफिसरच्या चार्टवर चहा सांडला होता, तो त्यातला मोठा. मग कोणीतरी स्टूल उलटं केलं. डोळे बांधलेले, पाय वर, नाकातोंडात खारं पाणी. वर कुठे आणि खाली कुठे, काही कळेना. तेवढ्यात मानेखाली एक खरबरीत तळवा आला. सारंग होता तो, डेकवरच्या खलाशांचा मुकादम, दाभोळकडचा, वयाने माझ्या वडिलांएवढा. कानाशी म्हणाला, ‘मान सोड रे, मी धरलंय.’ मी मान सोडली. त्याने आणखी एकदा पाण्याखाली नेऊन वर काढलं, पट्टी सोडली आणि डोळे स्वतःच्या गमछाने पुसले.

माझ्या मते या सगळ्या विधीचा गाभा हा तळवा आहे. पुढे वाचायला लागलो तेव्हा तोच मला दुसऱ्याच्या अनुभवात सापडला. १७ फेब्रुवारी १८३२ ला ‘बीगल’ जहाजाने रेषा ओलांडली. चार्ल्स डार्विनला तेव्हा २३ वर्षं पूर्ण होऊन पाच दिवस झाले होते. त्याने रोजनिशीत लिहिलंय की ३२ नवख्यांना खालच्या डेकवर कोंडून वरची दारं बंद केली, आत अंधार आणि उकाडा. मग एकेकाला वर काढलं. डोळे बांधून, बादल्यांच्या माऱ्यातून नेऊन, फळीवर बसवून तोंडाला डांबर आणि रंग फासला, खरबरीत लोखंडी पट्टीने तो खरवडला, आणि फळी उलटून पाण्यात टाकलं. पाण्यात दोन माणसं होती, त्यांनी त्याला झेललं आणि बुचकळलं. अंधाऱ्या कोंडीतून उजेडात, पाण्यात, आणि पाण्यातून कोणाच्या तरी हातात. जन्माचं याहून उघड चित्र कुठलं काढणार? त्या दिवशी कप्तानासकट कोणीही कोरडं राहिलं नाही, हेही त्याने नोंदवलंय. फ्रेंच लोक तर या विधीला रेषेचा बाप्तिस्माच म्हणतात.

एकदा बुडून दाखवायचं, म्हणजे खरं बुडायची वेळ आली तर आपल्याला कोण काढेल हे शरीराला ठाऊक असेल. जुने खलाशी बहुतेक पोहायला शिकलेले नसत. समुद्रात पडलेल्याला वाचवतो तो शेजारचा माणूस, दुसरं कोणी नाही. ही गोष्ट तोंडी सांगून कळत नाही. मला त्या ताडपत्रीत कळली, आणि पुढे नऊ वर्षांनी बिस्केच्या उपसागरात लाटेने डेकवर आपटलो तेव्हा ज्याने माझी कॉलर धरली त्यालाही ती कुठेतरी अशीच कळली असणार.

ज्याला हे नको त्याला सुटका होती, हेही जुन्या नोंदींत स्पष्ट आहे. लेरीने दारूचे पैसे भरून स्वतःला सोडवलं. २५ ऑक्टोबर १७६८ ला कप्तान कुकच्या ‘एन्डेव्हर’ने रेषा ओलांडली, तेव्हा कोण नवखा याची यादी झाली आणि तीत कुत्री-मांजरंसुद्धा घातली. जोसेफ बँक्स या निसर्ग-अभ्यासकाने स्वतःची, नोकरांची आणि कुत्र्यांची सुटका ब्रँडी देऊन केली. काहींनी चार दिवसांच्या वाटणीची दारू सोडली. उरलेल्यांना शिडाच्या आडव्या काठीवरून तीन-तीनदा समुद्रात सोडलं. खंडणी द्या नाहीतर स्वतः उतरा. समुद्राला काहीतरी द्यायचंच, हा त्यातला जुना भाव.

आपल्या माणसाला तो भाव परका नाही. माझ्या दीक्षेच्या दिवशी सकाळी, चार ते आठचा वॉच, म्हणजे पहारा, संपल्यावर, मालवणकडचा आमचा सुकाणी गुपचूप मागच्या डेकवर गेला. हळदकुंकू लावलेला नारळ त्याने कठड्यावरून हलकेच पाण्यात सोडला आणि हात जोडले. नारळी पौर्णिमा महिन्याभरापूर्वी होऊन गेली होती, तेव्हा आम्ही बंदरात मालाच्या धुळीत होतो. त्याला विचारलं तर म्हणाला, ‘तिकडचा दर्या वेगळा, त्याचं वेगळं द्यावं लागतं.’ नारळ हा मस्तकाच्या जागी अर्पण करतात अशी आपली जुनी समजूत आहे. दोन तासांनी दोन नंबरच्या हॅचवर आमचीच मस्तकं नेपच्यूनपुढे वाकवली गेली. नारळ आणि कॅडेट एकाच कारणासाठी पाण्यात गेले, असं मला तेव्हापासून वाटत आलंय. आणि आपल्या नौदलाचं ब्रीद ‘शं नो वरुणः’ हेही शेवटी तेच मागणं आहे.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येतो. रॅगिंग आणि दीक्षा यांत फरक आहे, आणि तो तळव्याचा आहे. दीक्षेत जो ढकलतो तोच झेलतो, आणि ज्याने आज सोसलं तो संध्याकाळी त्याच टेबलावर बसून जेवतो. रॅगिंगमध्ये झेलणारं कोणी नसतं. मी पहिल्यांदा विधी थांबवला तो एका टँकरवर. काही जणांनी पिठाऐवजी इंजिनरूममधला तेलाचा गाळ आणला होता. डोळ्यांत गेला असता तर मुलाची नजर जाती, आणि जवळचं बंदर सहा दिवसांवर. दुसऱ्यांदा एक मुलगा ‘मला नको’ म्हणाला आणि दोघांनी त्याला ओढत आणलं. मी किल्ल्या परत घेतल्या, दरबार मोडला, आणि त्या दोघांना माझ्या केबिनमध्ये बोलावून खडसावलं. ‘नको’ म्हणायची मुभा १५५७ पासून आहे, ती माझ्या बोटीवर नसावी हे मला चालणारं नव्हतं. बायकांच्या सोंगावरून होणारे अचकट विचकट विनोदही मी बंद केले, ते बोटीवर मुली येऊ लागल्या त्याच्या आधीच. सप्टेंबर २०१७ मध्ये गोव्याहून निघालेल्या ‘तारिणी’वरच्या नौदलाच्या सहा अधिकाऱ्यांनी, सगळ्या स्त्रिया, १५ दिवसांत रेषा ओलांडली आणि पुढे पृथ्वीप्रदक्षिणा करून आल्या. दर्याला बाई-पुरुष हा भेद मुळातच नाही.

कायदाही आता तुमच्या बाजूने आहे. २००६ च्या सागरी कामगार करारात २०१६ साली दुरुस्ती झाली, ती २०१९ पासून लागू आहे. छळ आणि दमदाटी हा जहाजावरच्या सुरक्षिततेचा आणि आरोग्याचा विषय धरला जातो.

म्हणून पुढचा फोन आला की त्याला ‘काय केलं तुला?’ असं विचारू नका, तो ‘काही नाही गं’ म्हणेल. त्याऐवजी विचारा, ‘पाण्यात पडल्यावर कोणी धरलं?’ त्याने एखाद्या बोसनचं, म्हणजे सारंगाचं, किंवा एबीचं, म्हणजे अनुभवी खलाशाचं, नाव घेतलं, त्याच्याबद्दल चार वाक्यं बोलला, तर फोटो फ्रेम करून ठेवा. त्याला प्रमाणपत्र मिळालं असेल, त्यावर बहुधा एखाद्या माशाचं नाव त्याला दिलेलं असेल. माझं ‘फ्लाइंग फिश’ होतं. ते त्याला सीडीसीबरोबर, म्हणजे खलाशाच्या नोकरीच्या नोंदपुस्तकाबरोबर, जपून ठेवायला सांगा, पुढच्या बोटीवर ते नसलं तर पुन्हा गुडघ्यांवर बसावं लागतं.

आणि तो गप्प झाला, विषय बदलला, किंवा त्या दिवसानंतरही त्याला कामावर टोचणं, झोपू न देणं, जेवताना वेगळं बसवणं असं चालू असल्याचं कळलं, तर थांबू नका. प्रत्येक कंपनीत किनाऱ्यावर एक नेमलेला माणूस असतो, डीपीए म्हणतात त्याला. त्याचा नंबर बोटीवर सगळ्यांना दिसेल असा लावलेला असतो, आणि कॅडेटलाही कप्तानाला न विचारता थेट त्याला फोन करायचा हक्क आहे. मुलाला तो नंबर आजच मोबाइलमध्ये घालून ठेवायला सांगा आणि एक प्रत तुमच्याकडे मागून घ्या. तारीख, वेळ, कोण होतं, हे त्याने वहीत लिहून ठेवावं. रंग किंवा तेल डोळ्यांत गेलं असेल आणि अजून चुरचुरत असेल, तर पुढच्या बंदरात डॉक्टरकडे न्यायला त्याने सेकंड ऑफिसरला सांगावं. बऱ्याच बोटींवर औषधपाणी त्याच्याकडेच असतं.